वाळ्याच्या ताट्या

एप्रिलमधल्या एका दुपारी नागपुरातल्या इतवारीतून जाताना एका दुकानाबाहेर कूलरच्या ताट्या रचून ठेवलेल्या दिसल्या, आणि दुकानदाराने त्यांतल्या एकीवर तांब्याभर पाणी शिंपडताच असा वास सुटला की मी कशासाठी घराबाहेर पडलो होतो तेच विसरलो.

महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी कूलर येण्यापूर्वी मधल्या खोलीच्या पश्चिमेकडच्या दारात वाळ्याची ताटी लावत. बांबूच्या कामट्यांमध्ये मुळ्या दाबून सुतळीने आवळलेली ती ताटी दुपारभर ओली ठेवण्याचे काम आजोबांनी आम्हा मुलांना वाटून दिले होते. नेमका डोळा लागण्याच्या बेतात 'ऊठ रे, ताटी वाळली' अशी हाक येई, आणि बादलीतले पाणी ओंजळीने मारताना अंगावर उडेल तेवढीच मजुरी पदरात पडे.

पुढे पत्र्याचा कूलर आला आणि आमच्या जागी पंप कामाला लागला. तत्त्व मात्र तेच राहिले. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, ती आत येणाऱ्या हवेतूनच काढली जाते, आणि विदर्भातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की समोर येईल ते पाणी ती पिऊन टाकते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तेव्हाही असंख्य घरांची भिस्त याच ओल्या ताट्यांवर होती. मृगाच्या सरी आल्या की मात्र हवेत आणखी पाणी मावत नाही, आणि कूलर म्हणजे नुसता घरघरणारा पंखा उरतो.

मला या यंत्राचा उघडा स्वभाव आवडतो. ताटीचा एखादा कोपरा कोरडा दिसला की वरच्या नळीची भोके क्षाराने बुजली, हे कोणालाही कळते. प्लग काढून (पाणी भरतानाही प्लग आधी काढायचा, ही घरोघरच्या आयांची ताकीद उगाच नाही) खराट्याची काडी भोकाभोकांतून फिरवली की धार पुन्हा सरळ उतरते. एसी बिघडला तर पाटीवर एखादा आकडा लुकलुकतो आणि आपण मेकॅनिकची वाट पाहत बसतो. कूलरपायी मला एक खोडही जडली आहे: समोरची खिडकी कोणी लावून घेतली की मी उठून ती उघडतो, मग घर दुसऱ्याचे का असेना. ओलसर हवेला बाहेर पडायला वाट दिली नाही तर खोली चिकट होते. पण गारव्यासाठी खिडकी उघडी ठेवायची, हे एसीत वाढलेल्या माझ्या भाच्याला काही केल्या पटत नाही.

हे सारे कौतुक मी करतो, कारण आमच्या नळाला पाणी येते. नागपूरला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून मिळते, आणि भर उन्हाळ्यात कूलरची टाकी दिवसातून एकदा भरून भागत नाही. ज्या वस्तीत टँकरच्या मागे हंडे घेऊन धावावे लागते, तिथे टिनाच्या छपराखाली कूलरची गरज माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. परंतु तिथे कूलर असला, वीज असली, तरी त्यात ओतायला पाणी कोणी द्यायचे?