पंपाची थडथड: चोर एकदाचा सापडला

मेथीच्या क्रेटमध्ये मातीतले दोन खिळे ओलावा मोजतात आणि मायक्रोबिट (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) माती कोरडी दिसली की पंप चालू करतो. हा पंप सारखा चालू-बंद होत थडथडत होता. आज तो सलग चालला आणि जिथे थांबायचा तिथेच थांबला. चौथीच्या पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. मागच्या नोंदीनंतर 'खिळे बदला' असं सुचवणाऱ्यांना आधीच सांगतो: खिळे बदलले, ते बदलायलाच हवे होते, पण थडथडीचं कारण भलतंच निघालं.

खिळ्यांचं पटकन उरकतो. बोर्डाच्या पी १ या पिनवरून खिळ्याला सतत ३ व्होल्ट मिळत होते, त्यामुळे ओल्या मातीत विद्युत अपघटन होऊन एक खिळा झपाट्याने झिजत चालला होता आणि पी ० या पिनवरचं ओलाव्याचं रीडिंग रोज थोडं घसरत होतं. आता वाचायच्या वेळेपुरताच पी १ चालू करायचा, पी ० वाचायचा, लगेच पी १ बंद. खिळे जस्ताचा मुलामा असलेले घेतले. रीडिंग टिकतंय.

तरी पंप थडथडतच होता. सुरू, बंद, सुरू, बंद. माझा संशय उंबरठ्यावर, म्हणजे ज्या आकड्याखाली पंप चालू आणि वर बंद होतो त्या ४०० वर. रीडिंग त्याच्याच आसपास घुटमळत असणार असं धरून पोरांना पाच रीडिंगची सरासरी काढायला लावली. काही फरक नाही. मग मॉस्फेटवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, डोळा गेला. इथे जरा मन मोकळं करतो: दुकानात 'मायक्रोबिटला चालेल' म्हणून आयआरएफ ५२० चं तयार मॉड्यूल सर्रास हातात ठेवतात. तो मॉस्फेट गेटवर (इशारा मिळतो त्या पायावर) १० व्होल्ट मिळतील असं धरून बनवलेला, ३ व्होल्टला नीट उघडेलच याची खात्री नाही. कमी व्होल्टला उघडणारा आयआरएलझेड ४४ एन घ्या, गेट आणि ग्राउंडमध्ये १० के (१० हजार ओहम) रेझिस्टर टाका, पंपाला उलटा डायोड लावा. पुण्यात तापकीर गल्लीत सुटे मिळतात, फक्त नावातलं 'एल' दोनदा वाचून घ्या. मी तो बसवला. पंप पूर्वीपेक्षा जोरात थडथडायला लागला!

उत्तर सापडलं मागच्या बाकावरच्या मुलीला. ती म्हणाली, "सर, पाणी येतं तेव्हा तो हसणारा चेहरा परत परत का येतो?"

हसरा चेहरा आमच्या 'ऑन स्टार्ट' ब्लॉकमध्ये आहे. म्हणजे बोर्ड चालू होतानाच तो दिसायला हवा. तो पुन्हा पुन्हा दिसतोय याचा अर्थ बोर्ड पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतोय. उंबरठ्याचा काही संबंधच नव्हता. बोर्ड आणि पंप दोन्ही त्याच दोन डबल ए सेलवर होते. मोटार उठताना मोठा करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं (मायक्रोबिटच्या पहिल्या आवृत्तीवरच्या, म्हणजे व्ही १ वरच्या चिपला किमान १.८ व्होल्ट लागतात), बोर्ड झोपतो, पंप बंद होतो, व्होल्टेज सावरतं, बोर्ड उठून हसतो, माती कोरडी दिसते, पंप चालू. चक्र पूर्ण. मल्टिमीटर हे दाखवत नव्हता, कारण त्याचा आकडा बदलायच्या आत सगळं उरकलेलं असायचं. खात्रीसाठी पंप काढून तिथे रेझिस्टरसकट एलईडी लावला. एकदम शांत. हसरा चेहरा एकदाच.

आता पंपाला तीन सेलचा वेगळा डबा दिलाय, दोन्ही डब्यांचं ग्राउंड मात्र एकत्र. पोरांना ते पटेना, 'वेगळे केले तर परत जोडायचे कशाला?' मग मी जोडलेली काळी वायर सोडून दाखवली. पंप ढिम्म. गेटला ३ व्होल्ट कशाच्या तुलनेत हे कळायला हवं ना!

यानंतर कुठे खरी उंबरठ्याची थडथड दिसली, अगदी पुस्तकात असते तशी: ३९८ ला चालू, ४०३ ला बंद. दोन उंबरठे मी सांगणार होतो, पण आधी विचारलं, घरी टाकीतून एक तांब्या पाणी काढलं की आई लगेच मोटार लावते का? सगळे हसले. "टाकी संपत आली की लावते, भरली की बंद करते." झालं. ३५० च्या खाली गेलं की चालू, ५५० च्या वर गेलं की बंद. सगळ्यात अवघड गेलं ते मधल्या जागेत काहीच न लिहिणं. प्रत्येक गटाला तिथे 'एल्स' (नाहीतर) टाकून काहीतरी भरायचंच होतं. 'काही करू नको' हीसुद्धा सूचना असते, हे पचायला अख्खा तास गेला. माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात चांगला तास.

५५० येईपर्यंत क्रेटच्या तळातून पाणी गळायला लागतं, हा पुढचा घोळ. पाणी मुरून खिळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर पंप ओतत राहतो. म्हणून आता ३ सेकंद पंप, मग मिनिटभर थांबायचं, मग वाचायचं. गळती जवळपास थांबली.

पुढच्या आठवड्यात रेषेवरून चालणारी गाडी घ्यायची ठरवली होती. पण हे लिहितालिहिता विचार बदलतोय. पंप पाणी खेचतो ती बादली रिकामी झाली तर? पंप कोरडा फिरून जळेल. बादलीत दोन खिळे टाकावेत, तर क्रोकोडाइल क्लिप लागतील अशी तिन्ही मोठी भोकं भरलेली: पी ० वाचायला, पी १ खिळ्यांना, पी २ पंपाला. बोर्डाच्या कडेच्या बारीक पिनही वापरू देणारा एज कनेक्टर लावता येईल, पण नको. दुसरा बोर्ड बादलीपाशी ठेवून रेडिओवरून पातळी पाठवायची. तो व्ही २ ठेवला तर पाणी संपताना स्वतःच्या स्पीकरवर ओरडेलही. तिसरा वर्गात, पातळीचे पट्टे दाखवत. नियंत्रण एका बोर्डाकडे, देखरेख दुसऱ्याकडे, हे पोरांना डोळ्यांनी दिसेल. गाडी दिवाळीनंतर.

जाता जाता: स्वस्तातल्या क्रोकोडाइल क्लिप घेऊ नका. प्लॅस्टिकच्या टोपीखाली वायर नुसती चिमटलेली असते, डाग दिलेला नसतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. आमच्या अर्ध्या मी उघडून सोल्डर केल्या, उरलेल्या अर्ध्या या शनिवारी.