बोट ती बोटच

"क्रूझ म्हणजे बोटच मां?" सासूबाईंनी विचारलं. म्हटलं, तशी बोट नाही हो आई, पाण्यावरचं हॉटेल आहे, लिफ्ट आहेत, स्विमिंग पूल आहे. त्यांनी फडताळातून आवळासुपारीची डबी काढून माझ्या हातात ठेवली. "आसात. पण बोट ती बोटच. लागतली."

मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. आम्ही पाच जण: नवरा, मी, सात वर्षांची थोरली, सव्वादोन वर्षांचा धाकटा आणि "माका खंय नेतास" म्हणत सगळ्यांच्या आधी बॅग भरून बसलेल्या सासूबाई. लहानपणी देवगडला जायला त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायच्या. आता बॅलार्ड पियरच्या चकचकीत टर्मिनलवर एसीत बसून त्यांनी पहिला शेरा मारला, "हयसर मासळीचो वास नाय."

बोटीवर पाय ठेवल्यापासून धाकट्याला निळा पूल दिसत होता. मी तयारीची. पाण्यात चालणाऱ्या डायपरचं साडेसहाशे रुपयांचं पाकीट ऑनलाइन मागवलं होतं. त्याला तेल लावलं, टोपी घातली, बाह्यांवर फुगे चढवले आणि पायरीशी पोचतो तो सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. डायपरमधल्या मुलांना पाण्यात परवानगी नाही. मी पाकीट दाखवलं. कोणताही डायपर असो, मॅडम. मी वाद घातला, आवाज चढवला, तिकिटात लहान मुलाचे पैसे घेताना हे का नाही सांगितलं, असंही विचारलं. मागे रांग थांबली होती आणि धाकट्याने जमिनीवर लोळण घेतली होती. नियम बरोबर होता, हे मला केबिनमध्ये परत येईपर्यंत कळलं होतं. एका पोराने घाण केली की अख्खा पूल बंद करून साफ करावा लागतो आणि त्याच पाण्यात थोरली डुंबत होती. पण पटलेलं कबूल करायला मला संध्याकाळ लागली.

मग म्हटलं, बाथरूममध्ये तरी खेळवू. तिथे बादली नाही, टमरेल नाही. काचेच्या पेटीएवढी शॉवरची जागा, त्या फवाऱ्याला धाकटा घाबरतो. शेवटी वॉशबेसिनमध्ये बसवून त्याला आंघोळ घातली. समुद्राच्या मधोमध! पुढच्या वेळी घरून टमरेल नेणार, कोणी हसलं तरी चालेल.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत असते. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. मुलांच्या मनगटात त्या जागेचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधतात, चुकलं मूल कुठे पोचवायचं ते कळावं म्हणून. मला ही सोय फार आवडली. धाकट्याने पहिल्या भोंग्याला किंकाळी फोडली आणि दुसऱ्या मिनिटाला पट्टा चावून तोडला. थोरलीला मुलांच्या क्लबात टाकली ती जेवायलाही बाहेर यायला तयार होईना. धाकट्याला तिथे घेत नाहीत, लंगोट सुटल्याशिवाय नाही. म्हणजे ज्याच्यापासून दोन तास सुटका हवी होती तोच माझ्या कडेवर.

गोवा पाहिला असं म्हणवत नाही. मुरगाव बंदरातून टॅक्सी करून बोगमाळोला गेलो, दोन्ही मुलं टॅक्सीतच झोपली, परत आलो.

आता केबिनचा गाढवपणा. समुद्र छान दिसावा म्हणून मी हट्टाने, जास्त पैसे भरून, वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची खोली घेतली होती. सीसॉच्या टोकावर बसल्यावर काय होतं ते आठवा. कमी हलते ती मधली आणि खालची खोली, जी स्वस्त म्हणून मी नाकारली होती. जाताना काही जाणवलं नाही. येताना वायव्येचा वारा समोरून, आणि बोट त्याच्यावर मान टाकत निघाली. डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं हलतंय, आणि पोट बिचारं मध्ये सापडतं. थोरलीला बोट लागली. पाठोपाठ मला लागली. धाकट्याला काही नाही. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या पोरांना सहसा लागत नाही म्हणे, शाळकरी वयात जास्त. सासूबाई मजेत.

धाकट्याचं दुखणं वेगळंच होतं. चोवीस तासांत तो बिस्किटांखेरीज काही खात नव्हता. बुफेत पास्ता, पनीर, सुशी, केकचे सात प्रकार, पण मऊ भात नाही. जो भात होता त्यात काजू, बेदाणे, केशर. सासूबाईंनी वाढणाऱ्या पोराला सरळ विचारलं, "बाबा, पेज गावात?"

तो पोरगा थबकलाच. गोव्यातल्या साष्टीचा निघाला. आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, बाप तारवटी, हाही. म्हणाला, "उकड्या तांदळांची ना, मांय. पूण करून हाडटां." पंधरा मिनिटांनी कर्मचाऱ्यांच्या मेसमधून वाफाळती पेज आली, वर मिठाचा खडा, बाजूला लोणच्याची फोड. धाकट्याने वाटी संपवून दुसरी मागितली. थोरलीच्या पोटात पहिल्यांदा काही टिकलं. मग मी, मग नवराही चमचा घेऊन आला. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारत होत्या, हे कोणत्या काउंटरला आहे?

अकराच्या सुमारास हवा खायला डेकवर गेलो. एका बाजूला डीजे, दुसऱ्या बाजूला काळा किनारा आणि दूरवर ठरावीक अंतराने उघडझाप करणारा दिवा. "देवगडचो," सासूबाई म्हणाल्या. नवरा फोनवर नकाशा उघडायला लागला, रेंज नव्हती. त्या कठड्याला धरून सांगत होत्या: बोट धक्क्याला लागायचीच नाही, खोल पाण्यात उभी राहायची. खालून पडाव, म्हणजे छोट्या होड्या यायच्या, लाटेवर वर-खाली होणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ तान्हा होता. खलाशाने त्याला आईच्या हातातून घेतलं, लाटेने पडाव वर उचलला तसं खालच्या माणसाच्या हातात सोडलं. बोचक्यासारखं.

"आणि आई?" थोरलीने विचारलं.

"आयस डोळे मिटून उभी."

धाकटा माझ्या खांद्यावर झोपला होता. मी त्याला जरा घट्ट धरलं आणि कठड्यापासून दोन पावलं मागे आले. दिवा मागे पडेपर्यंत सासूबाई आत यायला तयार नव्हत्या.

सकाळी सामान आवरताना आवळासुपारीची डबी सापडली. रिकामी. मुलांनी एकही खाल्ली नव्हती.