सलग तिसऱ्यांदा काळी

शेवटच्या फेरीचं पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी आणि कोणत्या रंगानं खेळणार याची यादी, रात्री भिंतीवर लागलं आणि पाच मिनिटांत पहिल्या पटावरच्या मुलीचे वडील माझ्या टेबलाशी आले. बुद्धिबळाची नऊ फेऱ्यांची आंतरराष्ट्रीय खुली स्पर्धा होती, मी मुख्य पंच. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण हातातला मोबाईल थरथरत होता.

"सर, सातव्या फेरीत काळी, आठव्या फेरीत काळी आणि उद्या परत काळी? सलग तीनदा देता येत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीला साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लावतात त्या पद्धतीत, कोणालाही एकच रंग सलग तीनदा मिळू नये, आणि दोन रंगांतला फरक दोनाच्या वर जाऊ नये, हा नियम आहेच. एरवी सॉफ्टवेअर अशी जोडी लावतच नाही. पण शेवटच्या फेरीला एक अपवाद असतो. ज्यांचे गुण निम्म्याहून जास्त आहेत, त्यांच्यासाठी ही अट सैल होते. कारण सरळ आहे. स्पर्धेचा निकाल ठरवणारे दोघं केवळ रंग जुळत नाहीत म्हणून एकमेकांशी खेळलेच नाहीत, तर पहिला नंबर कशावरून द्यायचा?

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. साडेसहा गुणांवर दोघंच होते, ही सोळा वर्षांची मुलगी आणि एक मुरलेला ग्रँडमास्टर. आधीच्या फेऱ्यांत त्यांची गाठ पडलेली नव्हती. आणि शेवटच्या दोन्ही फेऱ्यांत त्यालाही काळीच मिळाली होती. म्हणजे पांढरीवर दोघांचा हक्क सारखाच, आणि पांढरी एकच.

मी एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. तिची: पां, का, पां, का, पां, पां, का, का. त्याची: पां, का, पां, पां, का, पां, का, का. दोघांच्याही चार पांढऱ्या, चार काळ्या. मग शेवटून मागे यायचं. आठवी सारखी, सातवी सारखी, सहावी सारखी. पाचव्या फेरीत रंग वेगळे होते, तिला पांढरी आणि त्याला काळी. आता ते उलटायचं, म्हणून उद्या पांढरी त्याला. यात माझी मर्जी कुठेच नाही, आणि असता कामा नये. सॉफ्टवेअरचा निकाल मी आणि माझ्या सहकारी पंचांनी हातानं पडताळून पाहिला होता, तो कागदही त्यांना दाखवला.

वडील बराच वेळ त्या दोन ओळींवरून बोट फिरवत राहिले. "नियम कळला," ते म्हणाले, "पण नुकसान तर झालंच ना?"

झालं होतं, आणि मी ते नाकारलं नाही. पहिली चाल करणाऱ्याला फायदा असतो, यात आता वादाला जागा नाही. चांगल्या खेळाडूंचे हजारो डाव एकत्र मोजले, तर शंभर गुणांपैकी साधारण 54-55 पांढऱ्याकडे जातात. रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या भाषेत सांगायचं तर तीस-पस्तीस गुणांची आघाडी. नवशिक्यांच्या डावात हा फायदा दहाव्या चालीपर्यंतही टिकत नाही. एक जण घोडा फुकट देतो, दुसरा वजीर. जसजसं वर जावं तशा चुका कमी होतात, बरोबरी वाढते, आणि काळ्यानं जिंकणं दुर्मीळ होत जातं. 2018 मध्ये लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव बरोबरीत सुटले. या पातळीवर पांढरी म्हणजे आज डाव कुठल्या वाटेनं जाणार हे ठरवायचा अधिकार. संगणकासमोर महिनोन् महिने केलेली तयारी पटावर आणायची पहिली संधी पांढऱ्याला. काळ्यानं आधी बरोबरी साधायची, मग पुढचं बघायचं.

म्हणूनच वरच्या स्पर्धांत रंग अगदी तोलून वाटतात. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत आठ जण एकमेकांशी दोनदा खेळतात, प्रत्येकाच्या सात पांढऱ्या, सात काळ्या. नॉर्वे चेसमध्ये बरोबरी झाली की आर्मगेडन. पांढऱ्याला दहा मिनिटं, काळ्याला सात, आणि तो डावही बरोबरीत सुटला तर विजय काळ्याचा. पहिल्या चालीची किंमत इतकी उघडपणे दुसरीकडे कुठे मांडलेली मी पाहिली नाही. आमच्या खुल्या स्पर्धेत फेऱ्याच नऊ. कोणाला तरी पाचवी काळी येणारच.

एक गोष्ट मला आजही खटकते. रेटिंगच्या गणितात रंग धरतच नाहीत. काळ्यांनी ग्रँडमास्टरला रोखलं काय आणि पांढऱ्यांनी रोखलं काय, गुण तेवढेच. नॉर्मच्या, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करून दाखवायच्या ठरावीक कामगिरीच्या हिशेबातही तसंच. तिला इंटरनॅशनल मास्टरच्या नॉर्मसाठी अर्धा गुण हवा होता, आणि तो अर्धा गुण काळ्यांनी मिळवण्याचे कष्ट कुठेच नोंदले जाणार नव्हते. एवढी साधी बेरीज-वजाबाकी आपण अजून गणितात घेत नाही, हे मला पटत नाही.

इतका वेळ मुलगी वडिलांच्या मागे उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली, "बाबा, दिव्याताईनं काळ्यांनीच जिंकला होता ना शेवटचा डाव?" खरं होतं. 28 जुलै 2025 ला बाटुमीत, कोनेरू हंपीविरुद्धचा निर्णायक जलद डाव नागपूरच्या दिव्या देशमुखनं काळ्यांनी जिंकला आणि महिला विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला. त्याआधी 12 डिसेंबर 2024 ला सिंगापूरमध्ये गुकेश जगज्जेता झाला त्या चौदाव्या डावात त्याच्याकडेही काळीच होती. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, "अगं, आता जाऊन झोप. तयारी झाली असेल तेवढी पुरे."

सकाळी ग्रँडमास्टरनं डावाची कॅटलन नावाची सुरुवात खेळायला घेतली. पहिल्या पंधरा चाली त्याच्या घड्याळात जवळपास वेळ न खाता झाल्या. तिचा अर्धा तास केव्हाच संपला होता. पांढरीचा फायदा असा डोळ्यांना दिसतो, आधी घड्याळात आणि मग पटावर. तिसाव्या चालीच्या आसपास तिचं एक प्यादं गेलं. वजीर गेले, घोडे गेले, आणि हत्ती उरले. राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी, तिची तीन.

हे अंतिम पर्व पुस्तकात बरोबरीचं आहे. पण घड्याळात मिनिटभर उरलेलं असताना, दर चालीला मिळणाऱ्या तीस सेकंदांवर ते सांभाळणं वेगळं. हॉल रिकामा होत गेला. मी त्यांच्या पटाशी उभा राहिलो, कारण आता दोघंही भराभर खेळत होते. चाल लिहिताना तिची अक्षरं कागदाच्या रेघांबाहेर जात होती, पण एकही चाल लिहायची राहिली नाही. त्यानं राजा आत आणून पाहिला, प्यादं पुढे ढकलून पाहिलं, हत्तीनं बाजूनं शह देऊन पाहिले. ती दर वेळी हत्ती त्याच रांगेत परत आणायची. शेवटी त्यानं मान हलवून बरोबरीसाठी हात पुढे केला. दोघांनी राजे पटाच्या मधोमध ठेवले आणि स्कोअरशीटवर सह्या केल्या.

मी दुपारी तिचं नॉर्मचं प्रमाणपत्र भरायला बसलो तेव्हा वडील चहा घेऊन आले. रात्रीचा तो दोन ओळींचा कागद त्यांनी मागून घेतला आणि विचारलं, "हे आधीच सांगता नाही का येणार, सगळ्यांना?"

येतं. आता माझ्या प्रत्येक स्पर्धेत शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी भिंतीवर एक पान लागतं: अपवाद कोणाला लागू होतो, दोघांचा हक्क सारखा असेल तर रंग कसा ठरतो, आणि खाली एक सोडवलेलं उदाहरण. ते उदाहरण याच डावाचं आहे.