चरबीतलं मलम आणि तुपातलं

चार रात्री मी शेजारच्या बागेतल्या आजींनी दिलेलं कॅलेंडुलाच्या फुलांचं मलम लावत होते. बोटांच्या पेरांना, तळहाताच्या कडेला, अंगठ्याजवळच्या खोल भेगेला. पाचव्या दिवशी भेग मिटलेली दिसली आणि मी कृती विचारायला कुंपणापाशी गेले. बागेतल्या शेजारच्या आजी गुडघ्यांखाली उशी घेऊन बटाट्याच्या सरीत बसल्या होत्या. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: दोन ओंजळी फुलं, अर्धा किलो श्माल्ट्स, मंद आच, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी पुन्हा पातळ करून फडक्यातून गाळायचं. श्माल्ट्स म्हणजे कसलं, मी विचारलं. "डुकराची चरबी. दुसरं कसलं असणार?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा बटाट्यांकडे वळल्या.

आमचं घर माळकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला घरात लसूणसुद्धा सोललेला मी पाहिला नाही. आणि त्या चारही सकाळी मी त्याच हातांनी देवापुढे निरांजन लावलं होतं. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतले, देवघर पुसून काढलं, बाळकृष्णाला पुन्हा आंघोळ घातली. इथे जर्मनीत अकरा वर्षं राहतेय. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय कधीच लागली आहे; बिस्किटात काय, चीजमध्ये काय, जिलेटिन कशात असतं, सगळं पाठ आहे. पण फुलाच्या मलमात काय असेल, असा प्रश्नच मनात आला नव्हता. फूल म्हणजे आपल्याकडे देवाचं.

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "आधी सांग, हात बरे झाले का?" झाले होते. "मग त्या बाईंना बोल लावू नकोस. तुझे हात बघवले नाहीत म्हणून दिलं त्यांनी."

मी बोल लावला नाही. पण खरं कारणही सांगितलं नाही. पुढची डबी त्यांनी दिली तेव्हा "अजून आहे माझ्याकडे" म्हणून परत केली. हे चूक होतं असं अजूनही वाटत नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईला, तिच्या आईकडून आलेल्या कृतीतलं नेमकं काय मला चालत नाही, हे माझ्या जर्मनमध्ये नीट समजावता आलं नसतं. त्यातून तिला फक्त "तुमचं आम्हाला चालत नाही" एवढंच ऐकू गेलं असतं.

हे फूल म्हणजे कॅलेंडुला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडच्या पांढऱ्या डबीमुळे आपल्याला नाव माहीत असतं, फूल कमी जणांनी ओळखून पाहिलेलं असतं. इथे त्याला रिंगेलब्लूमे म्हणतात, कारण बी वळलेलं असतं, अळीने अंगाचं वेटोळं करावं तसं. झेंडूचा हा लांबचा नातेवाईक. कूळ एक, पण जात वेगळी. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, हा भूमध्य समुद्राकडचा. झेंडू गच्च भरलेला, हा चपटा, उघडा, मधोमध थाळी आणि भोवती किरणांसारख्या पाकळ्या. हिरव्या भागाला बोट लावलं तर चिकट राळ लागते. चांगलं फूल ओळखायची खूण आजींनी हीच सांगितली: खुडताना बोटं चिकटली नाहीत तर ते औषधाला घेऊ नकोस.

मला खरं तर झेंडूच हवा होता. वाईला आमच्या शेतात दसऱ्यासाठी झेंडू असायचा, आणि लाइपझिगमध्ये बागेचा तुकडा मिळाला तेव्हा पहिला विचार तोरणाचाच आला. इथे इमारतीत राहणारी माणसं गावाच्या कडेला अशा छोट्या बागा भाड्याने घेतात. त्यांना श्रेबरगार्टन म्हणतात, आणि या नावाचा पहिला संघ १८६४ साली याच शहरात निघाला. बाग चारशे चौरस मीटरपेक्षा, म्हणजे आपल्या चार गुंठ्यांपेक्षा मोठी नको, खोपट चोवीस चौरस मीटरच्या आत हवं, तिथे कायमचं राहायचं नाही, हे सगळं १९८३ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. आमची बाग जेमतेम दोन गुंठे.

पहिल्या वर्षी मी मे महिन्यात झेंडूची चाळीस रोपं लावली. १५ मेपर्यंत थंडीचा भरवसा नसतो, म्हणून त्यानंतर लावली. एका पावसाळी रात्रीत सगळी गेली. इथे तांबूस रंगाच्या, शंख नसलेल्या, बोटाएवढ्या गोगलगायी असतात आणि कोवळा झेंडू म्हणजे त्यांचं पक्वान्न. सकाळी वाफ्यात नुसते खुंट उभे होते. मी तिथेच पायवाटेवर बसून रडले. चाळीस रोपांसाठी कोणी रडत नाही. पण त्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन झालं होतं आणि मला जाता आलं नव्हतं.

तेव्हा आजी पहिल्यांदा कुंपण ओलांडून आल्या. एक जुना लिफाफा दिला आणि म्हणाल्या, "यांना गोगलगायी सहसा लागत नाहीत." आत ती वाकडी बियाणी होती. माझ्या मुलीने ती टेबलावर पसरून वेगळी केली: काही वेटोळ्यासारखी, काही होडीसारखी, काही पाठीवर काटे असलेल्या नखासारखी. एकाच फुलात तीन आकारांची बी तयार होते, हे मी शेतकऱ्याची मुलगी असून तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लावायला याच्याइतकं सोपं फूल नाही. एप्रिलमध्ये थेट वाफ्यात पेरायचं, पेरभर खोल, वरून माती ओढायची, कारण उजेडात ते नीट उगवत नाही. आठ-दहा दिवसांत कोंब येतात. मग विरळणी करून वीतभर अंतर ठेवायचं. फार खत घातलं तर नुसती पानं माजतात. दोन-अडीच महिन्यांत फूल येतं आणि सुकलेली फुलं खुडत राहिलं तर थेट हिमापर्यंत येत राहतं. मावा मात्र येतो, आणि ऑगस्टनंतर पानांवर भुरी. आपल्याकडे उन्हाळा याला सोसत नाही. तिथे हे थंडीचं फूल, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं.

आजी सकाळी सातला बागेत आल्या की आधी या फुलांकडे बघतात. सातनंतरही फुलं मिटलेली असली तर त्या दिवशी पाऊस येणार, असं इथले जुने लोक मानतात. मी दोन उन्हाळे बघतेय, बऱ्याचदा जमतं.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये अर्धी बाग केशरी झाली. आणि जुलैत बागांच्या संघाच्या पाहणीनंतर पत्र आलं की भाजी-फळांखाली किमान एक तृतीयांश जागा हवी, तुमच्याकडे फुलंच जास्त दिसतात, दोन महिन्यांत दुरुस्ती करा. मला फार लागलं ते. वाटलं, ज्यांच्या बागेत नुसतं गवत आणि प्लास्टिकचा पोहण्याचा हौद आहे त्यांना का नाही? मग चौकशी केली तर त्यांनाही आलं होतं. इथली ही गोष्ट मला आवडते हे कबूल केलं पाहिजे: नियम आहे तर तो सगळ्यांना आहे. मी उत्तर लिहिलं की हे शोभेचं फूल नाही, औषधी आहे, आणि युरोपच्या औषध संस्थेने त्वचेची किरकोळ जळजळ, लहान जखमा आणि तोंड-घशाचा दाह यांसाठी याचा पारंपरिक वापर मान्य केलेला आहे. सोबत टोमॅटोच्या दोन ओळी आणि मेथीचा वाफा वाढवला. पुन्हा पत्र आलं नाही. मेथी बघायला मात्र अख्खी गल्ली येऊन गेली.

त्याच दसऱ्याला याच फुलांचं तोरण केलं होतं. झेंडू जसा सुईत जातो तसं हे जात नाही. देठाची बैठक चिकट आणि मऊ, दोरा अडकतो, आणि दोन तासांत पाकळ्या माना टाकतात. संध्याकाळपर्यंत दारावर नुसत्या हिरव्या वाट्या लोंबत होत्या. आजी दाराशी आल्या, थबकल्या आणि हळूच विचारलं, घरात कोणी गेलं का? या फुलाचं इथलं दुसरं नाव टोटेनब्लूमे आहे, मेलेल्यांचं फूल. पूर्वीपासून थडग्यांवर लावतात. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे आज सण आहे, केशरी रंग म्हणजे आनंद. त्यांनी आपट्याच्या पानांऐवजी ठेवलेली मेपलची पानं पाहिली, एक उचलली आणि खिशात ठेवली.

आता मलमाकडे येते. आईच्या त्या फोननंतर दोन दिवसांनी तिचाच पुन्हा फोन आला. म्हणाली, "अगं, तुझी आजी पायांच्या भेगांना धुतलेलं तूप लावायची. फूल त्यात घाल की." शतधौत घृत! तूप तांब्याच्या ताटात पाणी घालून शंभर वेळा फेटायचं, पाणी बदलत राहायचं, म्हणजे ते लोण्यासारखं पांढरं मऊ होतं. आयुर्वेदात भाजल्यावर लावायला सांगितलं आहे. मी ते लहानपणी पाहिलेलं होतं आणि पार विसरले होते.

फुलं दुपारी खुडली, दव पूर्ण वाळल्यावर. जुन्या सुती साडीवर सावलीत दहा दिवस पसरली. पाकळी कुरकुरीत झाली तरी मधली बैठक ओली राहते, आणि तेवढ्या ओलीनेही तेलाला बुरशी येते, म्हणून बैठक मोडून बघायची. पाव किलो बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवलं. त्यात दोन मुठी वाळलेली फुलं घालून, पातेलं गरम पाण्यात ठेवून दोन तास मंद आचेवर राहू दिलं. अर्ध्या तासात तुपाने रंग घेतला, असा रंग की मी मुलीला हाक मारून दाखवला, पिकलेल्या आंब्याच्या रसासारखा. याच पाकळ्या मी आधी श्रीखंडासाठी कोमट दुधात भिजवून पाहिल्या होत्या तेव्हा काहीच उतरलं नव्हतं. केशराचा रंग पाण्यात उतरतो, याचा स्निग्धात. युरोपात पूर्वी लोणी आणि चीज पिवळं करायला हेच फूल वापरत, ते यामुळे. आणि आजींची चरबीसुद्धा यामुळेच. ज्या घरात हिवाळ्यात डुक्कर कापलं जायचं त्या घरात चरबी होती, तेल विकतचं होतं. आमच्या घरात म्हैस होती. दोघींच्या आयांनी हाताशी होतं ते घेतलं.

मग गाळून, थंड करून, वाईहून आणलेल्या तांब्याच्या ताटात धुवायला बसले. वाटीच्या बुडाने गोल गोल. पहिली दहा-बारा पाणी पिवळट निघाली. चाळीसच्या पुढे तूप हाताला जड लागेना. मुलगी मोजत होती, सत्तरला तिला झोप आली, पुढचं मी एकटीने मोजलं. शंभराव्या पाण्यानंतर ताटात फिकट केशरी मऊ साय होती, तुपाचा वास जवळजवळ गेलेला आणि फुलाचा तो कडवट, राळेचा वास राहिलेला. यात पाणी असतं, म्हणून थोडंच करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, तीन-चार आठवड्यांत संपवायचं. टिकाऊ हवं असेल तर सूर्यफुलाच्या शंभर मिली तेलात फुलं मुरवून, गाळून, दहा ग्रॅम मधमाशीचं मेण विरघळवलं की झालं. शेवंतीची अॅलर्जी असणाऱ्यांनी लावू नये, आणि खोल जखमेला तर हे लावायचंच नाही, डॉक्टरांकडे जायचं.

पहिली डबी आजींना नेऊन दिली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, मनगटावर चोळलं आणि विचारलं, "कशात केलंय?" मी म्हटलं, लोणी कढवून, शंभर वेळा धुऊन, आणि मग राहवलं नाही, सगळं सांगितलं. माळ, निरांजन, देवघर पुसलं ते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" तोपर्यंत आम्ही एकमेकींना ‘झी’ म्हणायचो, म्हणजे अहो-जाहो. त्या दिवशी त्या पहिल्यांदा ‘डू’ म्हणाल्या, अगं-तुगं. इथे मोठ्या माणसाने म्हटल्याशिवाय लहानाने तसं म्हणायचं नसतं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे सगळं होतंच की, जर्मनीला जाऊन काय शिकलीस. मला हे पटत नाही, आणि उलट बाजूही पटत नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी बाजारात न खपलेल्या झेंडूचे ढीग टाकून घरी परतणारे वडील मी पाहिले आहेत. इथे एका आजी शेवटच्या फुलाचं बीसुद्धा लिफाफ्यात भरतात. पण त्यांच्यावर त्या फुलांचं कर्ज नाही, रात्रीत भाव पडत नाही, ही गोष्ट लोक विसरतात.

बी मला आईला पाठवायचं होतं, पण बियाणं असं टपालाने नेता-पाठवता येत नाही, त्याला परवाने लागतात. मग तिने साताऱ्याच्या नर्सरीतून पुडी आणली आणि दसऱ्यानंतर तुळशीजवळच्या कुंडीत टाकली. काल तिचा व्हिडिओ कॉल आला. दहातले सहा कोंब आलेत. वडील शेजारी खुर्चीत बसून होते, एक पान चुरगळून वास घेत म्हणाले, "याला झेंडूसारखा वास नाही गं." इथे काल पहाटे पहिलं हिम पडलं. वाफ्यात अजून तीन फुलं उघडी आहेत.