११:११ ला बरोबर दाखवणारं घड्याळ

घड्याळ दिवसभर ८८:८८ दाखवतंय, एवढंच फोनवर कळलं होतं. दिंडोरी रस्त्यावरचं द्राक्षांचं पॅकहाउस, ऐन हंगाम. आत मोबाइल न्यायला मनाई, हातात कात्री, नजर घडावर. लांबलचक शेडमध्ये बसलेल्या बायकांना वेळ दिसावी म्हणून कुणीतरी साध्या डिजिटल घड्याळाच्या किटला चार इंची आकडे जोडून दिले होते. कल्पना मला मनापासून आवडली. वेळ फक्त सुपरवायझरच्याच मनगटावर का असावी?

शिडी लावत होतो, तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "दादा, ते पुरतं बिघडलेलं नाही. कधी कधी चारही एक येतात. तेव्हा साहेबांना विचारलं तर खरंच अकरा वाजून अकरा मिनिटं झालेली असतात. मग जरा वेळानं चारही ठिकाणी चार येतात, नंतर सात."

निदान तिथंच झालं. अशा किटमध्ये चारही आकडे एकदम पेटत नाहीत. एका वेळी एकच पेटतो, पण ते आळीपाळीनं इतक्या वेगात चालतं की डोळ्याला चारही दिसतात. दांड्यांच्या, म्हणजे अंक ज्यांनी बनतो त्या पेटत्या पट्ट्यांच्या, तारा चारही आकड्यांना सामाईक असतात. इथं कुठलाच आकडा विझत नव्हता. त्यामुळे प्रत्येक जागी चारही अंक एकमेकांवर चढत होते. ११:११ ला चारही सारखेच, म्हणून बरोबर. ११:१४ ला एकाच्या दांड्या चारात सामावतात, म्हणून ४४:४४. ११:१७ ला ७७:७७. बाकी बहुतेक वेळ आठ.

पेटी उघडली. मोठ्या आकड्याच्या प्रत्येक दांडीत चार लाल एलईडी एकापुढे एक. त्यांनाच ८ व्होल्ट लागतात, म्हणून १२ व्होल्टचा पुरवठा. दांड्यांच्या बाजूला यूएलएन २८०३, म्हणजे दांड्यांचा प्रवाह पेलणारी चिप, नीट लावली होती. घोळ आकड्यांच्या बाजूला होता: आकडा चालू-बंद करणाऱ्या बीडी १४० या ट्रान्झिस्टरचा एमिटर, म्हणजे प्रवाह आत येणारा पाय, १२ व्होल्टवर आणि बेस, म्हणजे त्याला हुकूम देणारा पाय, रेझिस्टरमधून थेट कंट्रोलरच्या, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या चिपच्या, पिनवर. असा पीएनपी जातीचा, म्हणजे बेस खाली ओढला की चालू होणारा, ट्रान्झिस्टर बंद व्हायला बेस १२ व्होल्टच्या जवळ जावा लागतो, आणि पिन फार तर ५ व्होल्ट देते. मोठा डिस्प्ले पेटवणं कुणालाही जमतं, खरी परीक्षा तो विझवण्यात असते. कंट्रोलर शाबूत राहिला, हे नशीबच.

किटचे मूळचे छोटे ट्रान्झिस्टर परत बसवले, त्यांच्या कलेक्टरवरून, म्हणजे प्रवाह बाहेर देणाऱ्या पायावरून, बीसी ५४७ हा आणखी एक छोटा ट्रान्झिस्टर चालवला आणि त्यानं बीडी १४० चा बेस खाली ओढला. घड्याळ लागलं, पण शेजारच्या अंकाची फिकट सावली दिसत होती, कारण बीडी १४० सावकाश बंद होत होता. बेस आणि एमिटरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला आणि सावली गेली.

एक गोष्ट सुपरवायझरना बजावून सांगितली. प्रत्येक दांडीतून क्षणभर जवळपास ४० मिलिअँपिअर जातात. पाळी चौथ्या हिश्श्याची, म्हणून सरासरी १० च्या आसपास. पण कंट्रोलर अडकला आणि एकच आकडा सलग पेटत राहिला, तर ते एलईडी जळतील. तसं दिसलं की आधी प्लग काढा. मावशींनाही हे सांगून आलो. त्या घड्याळाकडे सगळ्यांत बारकाईनं त्याच बघतात.