'ब्लॅक मसाया'चा ठेका मागे का पडतो?

अमेरिकन सोल गायक डिअँजेलोचा 'ब्लॅक मसाया' हा अल्बम पहिल्यांदा ऐकला की दोन प्रश्न हमखास येतात: ड्रमवाला लय सोडतोय का, आणि शब्द का कळत नाहीत? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

लय कुठेच सुटलेली नाही. हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजांची जोडी), स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), बेस (खर्जातली गिटार) ही वाद्यं एकाच मात्रेवर मुद्दाम वेगवेगळ्या क्षणी पडतात. आधीच्या 'वूडू' (2000) या अल्बममध्ये ड्रमर क्वेस्टलव्ह आणि बेसवादक पिनो पॅलाडिनो यांच्यासोबत त्याने हे वळण पक्कं केलं. मूळ प्रेरणा हिप-हॉप निर्माता जे डिलाच्या ड्रम मशीनवरच्या लंगडत्या बीट्सची. मग जवळपास 15 वर्षं नवा अल्बम नाही, आणि डिसेंबर 2014 मध्ये हा.

आता थोडा हिशेब. 90 बीपीएमला (मिनिटाला 90 मात्रा) एक मात्रा साधारण 667 मिलिसेकंदांची. स्नेअर 20-30 मिलिसेकंद उशिरा पडला तर कानाला चूक वाटत नाही, ठेका नुसता जड होतो. 80 मिलिसेकंदांच्या पुढे गेलात की सरळ बेताल. घरी संगणकावर करून बघणारे फसतात ते मात्र दुसऱ्याच ठिकाणी: सगळेच ट्रॅक सारखे मागे सरकवतात. सगळंच सरकलं तर काहीच सरकलं नाही! हाय-हॅट जागेवर ठेवा, स्नेअर किंचित मागे, बेस त्याहून जरा मागे. क्वांटाइझ, म्हणजे सूर-ठोके आपोआप मात्रेवर बसवणारी सोय, बंद. ते चालू राहिलं तर सॉफ्टवेअर इमानेइतबारे सगळं पुन्हा सरळ करून ठेवतं.

शब्दांचं म्हणाल तर गाण्याचा आवाज मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करताना, मुद्दाम दाबलाय. त्याच्याच आवाजाचे थरावर थर आहेत आणि मुख्य ओळ त्यातच मिसळून जाते. रेकॉर्डिंगपासून मिक्सिंगपर्यंत सगळं अ‍ॅनालॉग, टेपवर; डिजिटल प्लग-इन (आवाजावर परिणाम करणारं सॉफ्टवेअर) एकही नाही, हे अल्बमवर छापलेलंच आहे. टेपवर आवाजाचं टोक बोथट होतं, त्यामुळे उशिरा आलेला स्नेअर टोचत नाही. हेच स्वच्छ डिजिटलमध्ये केलं असतं तर कदाचित खुपलं असतं.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि बेस गेला की ड्रम कशाच्या तुलनेत मागे आहे तेच कळत नाही. हेडफोन लावा. सुरुवातीची दोन गाणी सध्या सोडा. '1000 डेथ्स' तर अतिशय गढूळ आहे. 'रिअली लव्ह' लावा. तंतुवाद्यं आणि स्पॅनिश बोलणं संपून ठेका सुरू झाला की मांडीवर सरळ मात्रा धरा आणि लक्ष फक्त बेसवर ठेवा. तुमची टाळी आणि बेस यांच्यातली फट जाणवली की अर्धं काम झालं. मग 'शुगा डॅडी', मग 'बिट्रे माय हार्ट'. माझ्या मते या शेवटच्या गाण्यात ही मंडळी सगळ्यात मोकळी वाजवतात.

'अनदर लाइफ'मध्ये सतार ऐकू येईल. ती इलेक्ट्रिक सतार, म्हणजे खरं तर गिटारच. सपाट घोडीमुळे तारेला सतारीच्या जवारीसारखा झणकार येतो. 1970 च्या आसपासच्या फिलाडेल्फिया सोलमध्ये ती सर्रास वाजायची, आणि हे गाणं थेट त्याच घराण्यातलं.