ॲश यांच्या प्रयोगातला एकटा साथीदार

सामाजिक मानसशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात सोलोमन ॲश यांचा रेषांचा प्रयोग असतो, आणि ‘माणूस चारचौघांच्या मागे जातो’ एवढ्या निष्कर्षावर तो बहुधा गुंडाळला जातो. मला हे वाचन अपुरे वाटते.

ॲश यांनी हे प्रयोग अमेरिकेत १९५०च्या दशकात केले. सात ते नऊ तरुण एका खोलीत बसत. एका कार्डावर एक उभी रेष आणि दुसऱ्यावर कमीअधिक लांबीच्या तीन रेषा असत. त्या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, हे प्रत्येकाने पाळीपाळीने मोठ्याने सांगायचे. खरा सहभागी एकच असे, आणि त्याची पाळी अगदी शेवटी किंवा शेवटून दुसरी येई. बाकीचे सगळे आधी पढवलेले होते. पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत पार पडत. पुढे मात्र १८ पैकी १२ फेऱ्यांत हे सगळे एकमुखाने चुकीची रेष सांगत. मग तो बिचारा घुटमळे, ओशाळवाणे हसे आणि दबक्या आवाजात उत्तर देई. एकट्याने पाहताना शंभरात एक चूकही न करणारी ही मंडळी अशा फेऱ्यांत सुमारे ३७ टक्के वेळा बहुमताप्रमाणे चुकली.

म्हणजेच जवळपास दोन तृतीयांश उत्तरे बरोबर आली होती आणि सुमारे एक चतुर्थांश लोक एकदाही वाकले नव्हते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

ॲश यांनी नंतर केलेले बदल मला अधिक मोलाचे वाटतात. विरोधात एकच माणूस असेल तर सहभागी जवळजवळ डगमगतच नसे; तिघे झाले की दबाव शिगेला पोहोचे आणि त्यापुढे माणसे वाढवूनही फारसा फरक पडत नसे. पण खरे उत्तर देणारा एकच साथीदार मिळाला, की चुका सुमारे एक चतुर्थांशावर येत. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की तो साथीदार बहुमतापेक्षाही अधिक चुकीचे उत्तर देत असला तरी सहभागीच्या चुका ९ टक्क्यांपर्यंत उतरत. आधार अचूकतेचा नव्हता, एकमत मोडल्याचा होता. (गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिण्याची घाई का असते, हे त्यावरून थोडेफार उमगते.)

काही प्रयोगांत हा साथीदार मध्येच बहुमताला जाऊन मिळे, आणि मग सहभागीच्या चुका पुन्हा वाढून २८.५ टक्क्यांवर जात. तोच साथीदार भेटीची वेळ झाल्याचे सांगून खोलीबाहेर पडला, तर चुका वाढत खऱ्या, पण पुष्कळच कमी.